विश्लेषण : उद्योग मुंबई उपनगरात, मग ‘३५ टक्के अनुदान’ का नाही? सरकारी योजनेची घोषणा अर्जाआधी कशी वाचावी?

‘५० लाखांपर्यंतचा उद्योग, ३५ टक्के सरकारी अनुदान, आजच अर्ज करा’ हा मजकूर घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षभर फिरत असतो. यातले आकडे खोटे नाहीत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या (पीएमईजीपी) मार्गदर्शक सूचनांत ते आहेत. पण ५० लाखांचे ३५ टक्के म्हणजे साडेसतरा लाख, असा तोंडी हिशेब करून कुणी अंधेरीत गाळा शोधायला निघाले, तर त्याचा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो. मुंबई उपनगर जिल्ह्यात सुरू होणाऱ्या उद्योगाला या योजनेत ३५ टक्के अनुदान मिळूच शकत नाही.

३५ टक्के नेमके कुणासाठी?

ही योजना २००८ मध्ये सुरू झाली. आधीची पंतप्रधान रोजगार योजना आणि ग्रामीण रोजगार निर्मिती कार्यक्रम एकत्र करून ती आखली गेली. केंद्रीय पातळीवर ती राबवणाऱ्या खादी व ग्रामोद्योग आयोगाचे मुख्यालय उपनगरातच, विलेपार्ले पश्चिमेला इर्ला येथे आहे. २०२२ मध्ये योजनेला २०२१-२२ ते २०२५-२६ या कालावधीसाठी १३ हजार ५५४ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मुदतवाढ मिळाली आणि नियम बदलले. या लेखातील टक्केवारी त्या सुधारित नियमांची आहे. मंजुरीचा कालावधी संपला की पुढच्या मंजुरीत हेच दर राहतील, असे गृहीत धरू नये.

अनुदानाचा दर दोन गोष्टींवर ठरतो. अर्जदार कोणत्या प्रवर्गातला आणि उद्योग कुठे उभा राहणार. सर्वसाधारण प्रवर्गाला शहरी भागात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग, तृतीयपंथी या विशेष प्रवर्गाला शहरी भागात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. म्हणजे जाहिरातीतला ३५ हा आकडा चार कप्प्यांपैकी एकाच कप्प्यातला आहे आणि तो ग्रामीण कप्पा आहे.

ग्रामीण म्हणजे काय, हेही २०२२ मध्ये सोपे केले गेले. पंचायत राज संस्थांच्या हद्दीतला भाग ग्रामीण, नगरपालिका-महापालिकेच्या हद्दीतला शहरी. मुंबई उपनगर जिल्ह्यात कुर्ला, अंधेरी आणि बोरिवली असे तीन तालुके आहेत. मुलुंड, घाटकोपर हे कुर्ला तालुक्यात येतात. पण तालुके असले तरी येथे जिल्हा परिषद नाही. कारभार महापालिकेचा. त्यामुळे येथे विशेष प्रवर्गाला जास्तीत जास्त २५ टक्के आणि सर्वसाधारण प्रवर्गातील पुरुषाला १५ टक्के.

येथे एक पळवाट सुचवली जाते. दर ठरतो तो उद्योगाच्या जागेवरून, अर्जदाराच्या घरावरून नाही. मुलुंडच्या महिलेने शहापूर तालुक्यात ग्रामपंचायतीच्या हद्दीत खरोखर युनिट उभे केले, तर ती ३५ टक्क्यांसाठी पात्र ठरू शकते. मुलुंड चेकनाका ओलांडून ठाण्यात गेल्याने मात्र काही साधत नाही, कारण तिथेही महापालिकाच आहे. आणि काम मुलुंडच्या घरात, कागदावर पत्ता शहापूरचा, अशी युक्ती कुणी सुचवली तर पुढची प्रत्यक्ष पाहणी लक्षात ठेवावी. ती कागदावरच्या पत्त्यावर होते.

५० लाख हा आकडा कशाचा?

प्रकल्प खर्चाच्या कमाल मर्यादेचा. उत्पादन उद्योगासाठी ही मर्यादा २५ लाखांवरून ५० लाख झाली, सेवा उद्योगासाठी १० लाखांवरून २० लाख. मोबाइल दुरुस्ती, सलून, झेरॉक्स-प्रिंटिंग सुरू करणाऱ्याला ५० लाखांचा आकडा लागूच नाही. ‘पर्यंत’ हा शब्द सरकारी घोषणेत फार काम करतो. तो वगळून बातमी वाचली की कमाल मर्यादा ही मिळणारी रक्कम वाटू लागते.

खरा हिशेब एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. घाटकोपरमध्ये एखाद्या महिलेला आठ लाख रुपये खर्चून मसाले दळण्याचे आणि पॅकिंगचे छोटे युनिट काढायचे आहे. विशेष प्रवर्ग असल्याने तिला स्वतःचे पाच टक्के म्हणजे ४० हजार रुपये घालावे लागतील. उरलेले सात लाख ६० हजार बँकेचे कर्ज. शहरी दराने अनुदान २५ टक्के, म्हणजे दोन लाख. तेच युनिट सर्वसाधारण प्रवर्गातील पुरुषाने काढले तर स्वतःचा वाटा दहा टक्के म्हणजे ८० हजार, कर्ज सात लाख २० हजार आणि अनुदान एक लाख २० हजार. दोघांच्याही बाबतीत सुरुवातीला अंगावर येते ते कर्ज, आणि तेही बँकेच्या नेहमीच्या व्याजदराने.

मग अनुदान हातात कधी पडते?

रोख हातात कधीच पडत नाही. या मुद्द्यावर सर्वाधिक गैरसमज आहेत. बँकेने कर्ज मंजूर करून पहिला हप्ता दिल्यानंतर बँकच अनुदानाची मागणी करते. रक्कम आली की ती कर्जदाराच्या नावे पण बँकेच्या ताब्यात, मुदत ठेवीत तीन वर्षे राहते. या ठेवीवर व्याज मिळत नाही. त्या बदल्यात कर्जाच्या तेवढ्या रकमेवर बँकेने व्याज आकारायचे नसते. आपल्या उदाहरणात दोन लाख ठेवीत आले की व्याज पाच लाख ६० हजारांच्या हिशेबाने लागायला हवे. हे आपोआप होईल असे न समजता शाखेतून खात्याचा उतारा घेऊन पाहावे.

तीन वर्षांनी युनिट जागेवर सुरू असल्याची पाहणी होते आणि मग ती ठेव कर्जखात्यात वळती होते. युनिट आधीच गुंडाळले किंवा पाहणीत सापडले नाही, तर हे पैसे परत जाऊ शकतात. म्हणजे हे अनुदान तीन वर्षे धंदा टिकवल्याबद्दल कर्जात मिळणारी सूट आहे. दुकानाचे डिपॉझिट भरायला किंवा पहिला माल आणायला ते उपयोगी पडत नाही. नोकरी सोडण्याचा निर्णय कुणी या रकमेच्या भरवशावर घेत असेल, तर त्याने आधी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

दुसरी गोष्ट, जिल्हा उद्योग केंद्र किंवा आयोग अर्ज बँकेकडे पाठवतो. कर्ज द्यायचे की नाही हे बँक ठरवते. पोर्टलवर अर्ज ‘बँकेकडे पाठवला’ असे दिसणे म्हणजे मंजुरी नव्हे. जुन्या क्रेडिट कार्डची थकबाकी, मोबाइलच्या हप्त्याची विसरलेली चूक या गोष्टी तिथे आडव्या येतात.

मुंबईत खर्च कशावर होतो आणि योजना काय मोजते?

उपनगरातल्या छोट्या उद्योजकाचा मोठा खर्च यंत्राचा नसून जागेचा असतो. मरोळ, साकीनाका, चारकोप, कुठेही विचारा. योजनेच्या नियमांनुसार जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरता येत नाही. तयार गाळा, दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा किंवा भाडे धरता येते, पण जास्तीत जास्त तीन वर्षांचे. यंत्रसामग्रीसारखा भांडवली खर्च अजिबात नसलेला प्रकल्प पात्र ठरत नाही. निव्वळ माल आणून विकण्याच्या व्यवसायालाही योजनेत फारच मर्यादित जागा आहे. सुरतेहून साड्या आणून मालाडमध्ये विकणे हा चांगला धंदा असेल, पण या योजनेसाठी तो उद्योग नाही. ब्लाऊज शिवून देणे मात्र बसू शकते.

योजना नव्या उद्योगासाठी आहे, हा आणखी एक अडसर. ‘आधी सुरू करू, मग अनुदानासाठी अर्ज करू’ या क्रमाने गेलेला माणूस बाहेर पडतो. जुन्या युनिटच्या विस्तारासाठी वेगळी सोय आहे, पण ती आधी पीएमईजीपी किंवा मुद्रा कर्ज घेऊन ते फेडलेल्यांसाठी. शिक्षणाची अट लहान प्रकल्पाला नाही. उत्पादनात दहा लाखांच्या आणि सेवेत पाच लाखांच्या वरच्या प्रकल्पासाठी आठवी उत्तीर्ण असावे लागते. कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो आणि येथे कुटुंब म्हणजे पती आणि पत्नी.

राज्य सरकारचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम (सीएमईजीपी) याच धर्तीवर १ ऑगस्ट २०१९ च्या शासन निर्णयाने सुरू झाला. नावे इतकी सारखी आहेत की अर्जदार एकीच्या अटी दुसरीला लावतात. केंद्राच्या योजनेत वयाची वरची मर्यादा नाही. राज्याच्या २०१९ च्या मूळ निर्णयात सर्वसाधारण प्रवर्गासाठी ती ४५ वर्षे होती.

घोषणा आणि शासन निर्णय यांत अंतर किती?

मंत्र्यांचे भाषण, अर्थसंकल्पातील तरतूद, मंत्रिमंडळाचा निर्णय, शासन निर्णय म्हणजे जीआर, मग मार्गदर्शक सूचना आणि शेवटी निधी वितरणाचा आदेश, असा साधारण प्रवास असतो. बातमी यापैकी कोणत्याही टप्प्यावर होते. अर्ज मात्र जीआरनंतरच्या नियमांवर तपासला जातो.

याचे सर्वांनी पाहिलेले उदाहरण म्हणजे ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’. २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि त्याच दिवशी जीआर निघाला. इतका वेग क्वचितच दिसतो. पहिल्या निर्णयात वयोमर्यादा ६० होती, अर्जाची मुदत १५ जुलै होती, पाच एकर जमिनीची अट होती. अधिवास प्रमाणपत्रासाठी तहसील कार्यालये आणि सेतू केंद्रांत रांगा लागल्या. आठवडाही झाला नाही तोच नियम बदलले. वय ६५ झाले, जमिनीची अट गेली, मुदत ३१ ऑगस्ट झाली आणि अधिवास प्रमाणपत्राऐवजी १५ वर्षांपूर्वीचे रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला चालेल असे ठरले. पहिल्याच आठवड्यात एजंटला पैसे देऊन दाखला काढणाऱ्यांचा तो खर्च वाया गेला.

त्या योजनेची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. अडीच लाखांची उत्पन्न मर्यादा, कुटुंबात चारचाकी नसणे, सरकारी नोकरीत कुणी नसणे या अटी पहिल्या दिवसापासून जीआरमध्ये लिहिलेल्या होत्या. अर्ज भरताना त्यांच्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. अर्जदारांनीही नाही आणि यंत्रणेनेही नाही. २०२५ मध्ये पडताळणी सुरू झाली, सप्टेंबरमध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा त्याच अटी पुढे आल्या. आणि २,१०० रुपयांचा आकडा? तो २०२४ च्या निवडणूक जाहीरनाम्यातला. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तो आला नाही. जाहीरनाम्यातल्या आकड्यावर घरचे बजेट बसवता येत नाही.

जीआरमध्ये कुठे पाहायचे?

राज्य सरकारचे निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’ या विभागात मिळतात. विभागाचे नाव आणि तारीख टाकून शोधता येते. प्रत्येक निर्णयाच्या शेवटी एक लांबलचक संकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस. ग्रुपवर आलेल्या पीडीएफवर हा अंक नसेल, किंवा तो टाकून संकेतस्थळावर निर्णय सापडत नसेल, तर ती फाइल बाजूला ठेवलेली बरी.

भाषा किचकट असते, पण सगळे वाचायची गरज नसते. वरती ‘वाचा’ या शीर्षकाखाली आधीचे निर्णय दिलेले असतात. हातात असलेला कागद मूळ निर्णय आहे की सुधारणा, हे तिथे कळते. मूळ निर्णयानंतर शुद्धिपत्रक आले आहे का, हे वेगळे शोधावे लागते. प्रस्तावना सोडून दिली तरी चालेल. त्यात सहसा शासनाचे उदात्त हेतू असतात.

शेवटच्या पानावर मात्र थांबावे. वित्त विभागाच्या सहमतीचा उल्लेख आणि खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा, हे तिथे असते. या ओळी असतील तर पैशाची वाट निदान आखलेली आहे. ‘तत्त्वतः मान्यता’ एवढेच असेल, तर अजून बरेच बाकी आहे. ‘निधीच्या उपलब्धतेच्या अधीन राहून’ याचा अर्थ पात्र असूनही थांबावे लागू शकते. ‘प्रतिपूर्ती’ किंवा ‘परतावा’ म्हणजे आधी खर्च तुमचा. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परतावा योजना हे त्याचे ठळक उदाहरण. महामंडळ कर्ज देत नाही. कर्ज बँकेचे, हप्ता वेळेवर तुम्ही भरायचा, मग त्यातले व्याज परत मिळते. आणि तिथे क्रम महत्त्वाचा आहे : आधी महामंडळाचे पात्रता प्रमाणपत्र, नंतर कर्ज.

एक योजना घेतली की दुसरी बंद होते का?

बऱ्याचदा होते. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, शिंपी, न्हावी, चर्मकार अशा १८ पारंपरिक व्यवसायांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज मिळते. पण मागील पाच वर्षांत पीएमईजीपीचे कर्ज घेतलेल्याला ही योजना नाही. मुद्रा किंवा स्वनिधीचे कर्ज पूर्ण फेडले असेल तर चालते. पीएमईजीपीही दुसऱ्या सरकारी योजनेचे अनुदान घेतलेल्या युनिटला नाकारते. त्यामुळे छोटी रक्कम लवकर मिळते म्हणून आज एक अर्ज भरणे, हे उद्याचा मोठा अर्ज सोडून देण्यासारखे ठरू शकते. आणि ते १५ हजारही रोख नसतात, अवजारे घेण्यासाठीचे ई-व्हाउचर असते.

इंजिनिअरिंग करून पवईच्या आसपास स्टार्टअपची स्वप्ने पाहणाऱ्यांसाठी वेगळा आकडा फिरतो. २०२१ च्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेतील २० लाखांचा. ही रक्कम खरोखर अनुदान होती, पण ‘पर्यंत’ तिथेही होताच. तिच्यासोबत सांगितले जाणारे ५० लाख हे अनुदान नसून कर्ज किंवा परिवर्तनीय रोख्यांच्या रूपातले होते. पैसे सरकार थेट देत नव्हते, निवडलेल्या इन्क्युबेटरमार्फत आणि कामाचे टप्पे पूर्ण होतील तसे मिळत. कंपनी नोंदवून दोन वर्षांहून अधिक झाली असतील तर अर्जच करता येत नव्हता. ९४५ कोटींची ही योजना मुळात चार वर्षांसाठी जाहीर झाली होती, तरी तिचे जुने व्हिडिओ अजूनही ‘नवीन योजना’ म्हणून फिरतात. व्हिडिओची तारीख आणि योजनेचा कालावधी शेजारी ठेवून पाहिले तरी बराच वेळ वाचतो.

एजंटची गरज आहे का?

पीएमईजीपीसाठी कोणत्याही खासगी व्यक्ती, संस्था किंवा मध्यस्थाची नेमणूक केलेली नाही, असे आयोगाने पोर्टलवरच स्पष्ट केले आहे. ऑनलाइन अर्जाला शुल्क नाही. प्रकल्प अहवाल कुणाकडून तरी लिहून घेणे यात गैर काही नाही. सनदी लेखापाल त्याचे पैसे घेतात आणि ते कामाचे असतात. पण ‘मंजुरी’साठी टक्केवारी मागणारा माणूस जे विकतो, ते त्याच्या हातात नसते. मंजुरीपत्र आधी आणि ‘प्रोसेसिंग फी’ लगेच, असा क्रम असेल तर ते पत्र घेऊन ज्या शाखेचे नाव त्यावर आहे तिथे जावे.

एजंटने लिहून दिलेल्या अहवालाची आणखी एक अडचण असते. वर्षाला किती विक्री, यंत्राचे कोटेशन कुणाचे, गाळ्याचे भाडे किती, वीज किती लागेल, हे बँक अधिकारी अर्जदाराला विचारतो. दुसऱ्याच्या अहवालातून उचललेल्या आकड्यांत भिवंडीचे भाडे आणि अंधेरीचा पत्ता असा मेळ बसतो, आणि अर्ज तिथेच अडकतो.